बांधावरचा पाला

मी फोनवर दुकान उघडलं तेव्हा सगळ्यात आधी हसली ती माझी आईच. "पोपटी इकणार? ती काय इकायची गोष्ट हाय गो बाय? चार मानसं गोला करायची नि लावायची."

तिचं काही चूक नव्हतं. आमच्या रोह्याकडच्या गावांत थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की रोज कुणाच्या तरी शेतात मडकं लागतंच. आत भांबुर्ड्याचा पाला, त्यावर ओवा-मीठ लावलेल्या शेंगा, तोंडाशी पुन्हा पाला कोंबायचा, मडकं उपडं घालायचं आणि भोवती पेंढा-काटक्या रचून पेटवायचं. भांबुर्डा म्हणजे बांधावर आपसूक उगवणारं उग्र वासाचं झुडूप. तो शेंगा करपू देत नाही, आणि आपला वास त्यांना देऊन टाकतो. पोपटीला कुणी कुणाला आमंत्रण देत नाही. धूर दिसला की माणसं येतात.

पण मला ती विकायचीच होती, आणि त्याला कारण माझा भाऊ होता.

वडील गेल्यापासून निडीजवळचं आमचं शेत आई एकटी बघत होती. पावसात भात, आणि भात कापून झाला की त्याच ओलीवर वाल. दादा पनवेलला कंपनीत, मी लग्न होऊन पेणला. दिवाळीला सगळे गावी जमलो असताना दादाने विषय काढला. शेजारची दोन शेतं प्लॉटिंगवाल्यांनी घेतली होती, एजंट त्याच्याकडेही येऊन गेला होता. "आये, अजून किती वर्षं वाकशील? शेत देऊन टाकू, नि तू चल पनवेलला." आई भाकरी थापत होती, ती थापतच राहिली. मी मात्र भडकले. आमच्या घरात भडकायचं काम माझ्याकडेच आहे. "एवढे वाल पिकतात, ते नीट विकून दाखवते," असं बोलून बसले. उचलली जीभ, लावली टाळ्याला. दादा हसला नाही, ते जास्त लागलं. तो शांतपणे म्हणाला, "एक हंगाम घे. नाय जमलं तर मग मला अडवू नको." आईला पनवेल नको होतं हे आम्हा दोघांनाही माहीत होतं, पण ते तोंडाने म्हणणाऱ्यातली ती नव्हे.

तर असं ते दुकान. घरबसल्या धंदा कसा करावा याचे व्हिडिओ बघून बघून मी पेज तयार केलं. पोपटीचं सगळं सामान घरपोच: मडकं, शेंगा, ओवा, जाडं मीठ. मडकी पेणच्याच कुंभाराकडची. कुरियरवाल्याने मडकं बघूनच हात जोडले. फुटणारं सामान तो घेईना. शेवटी वडखळवरून नवी मुंबईला भाजी नेणारा टेम्पोवाला तयार झाला. पेंढ्यात बसवलेली मडकी वांग्यांच्या शेजारून प्रवास करायला लागली.

यादी लिहिताना आईशी पहिलं भांडण झालं. मी "भांबुर्डा, एक जुडी" असं लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं.

"पाल्याचे पैसं घेशील?"

"पैसे नाय लावत गो. नुसतं नाव लिहिते."

"नाव लिवलंस म्हंजे मोल लावलंस. बांधावरचा पाला हाय तो. पेरला कुनी? पानी घातलं कुनी? पाठव की भारा बांधून, पर लिवू नको. मानसं हसतील आपल्याला."

कुणी हसणार नव्हतं, पण आईपुढे त्या बाबतीत बोलून उपयोग नव्हता. मी ती ओळ पुसली. पाला जायचाच, मडक्याभोवती पेंढ्यातच खोचून. आमच्याकडे असाच देतात: शेंगांची पिशवी हातात देतात आणि पाला वरून काखेत कोंबतात, त्याचा हिशेब नाही.

पहिल्या ऑर्डरी आल्या त्या आपल्याच माणसांच्या. कामाधंद्याला नेरूळ-ठाण्याला गेलेले, मूळचे रोहा-अलिबागचे. त्यांनी फोटो पाठवले, शाबासकी दिली, एकाने तर भांबुर्ड्याचा वास घेऊन रडू आलं म्हणून लिहिलं. मी हवेत गेले. दादाला एकेक फोटो पाठवायचे. तो बघायचा, उत्तर द्यायचा नाही.

हंगाम मात्र पुढे सरकत होता. शेंगा टणक व्हायला लागल्या की पोपटी संपते, आणि एकेकट्या ऑर्डरींवर शेत काही वाचणार नव्हतं. पी हळद हो गोरी असं होत नाही हे कळत होतं, तरी जीव वर-खाली व्हायचा. फोन वाजला की धावत जायचे, नाही वाजला की तो चालू आहे का ते बघायचे.

आणि मग नवी मुंबईतल्या एका मोठ्या सोसायटीची ऑर्डर आली. शनिवारी संध्याकाळी बागेत सगळ्या बिल्डिंगांचा कार्यक्रम, त्यासाठी वीस मडकी. बोलणाऱ्या बाई मूळच्या तिकडे विदर्भातल्या. कुठेतरी व्हिडिओ बघून त्यांना पोपटी करावीशी वाटली होती. म्हणाल्या, "आवडलं तर आमच्या शेजारच्या सोसायट्याही दर शनिवारी घेतील." दुसऱ्याच दिवशी, रविवारी, एजंट गावी यायचा होता. दादाने कळवलं होतं, "मी येतोय. आता काय ते बोलून टाकू."

शुक्रवारी आई निडी स्टेशनला रेल्वेत बसून शेंगांची पोती घेऊन पेणला आली. आम्ही शेंगा निवडल्या, मडकी वाजवून तपासली, पेंढ्यात बसवली, पाल्याचे भारे खोचले. शनिवारी सकाळी वडखळला टेम्पो भरून दिला. आई दिवसभर खिडकीशी बसून होती. दुपारी मी विचारलं, "जेवतेस का?" तर म्हणाली, "पोचूं दे." मीही ताट वाढलं नाही.

सूर्य कलायच्या सुमाराला बाईंचा फोन आला. आवाज खूश होता.

"मडकी अगदी छान आलीत. एकही फुटलं नाही. आता शेंगा भरतोय. व्हिडिओत खाली कसला तरी पाला घालतात ना, तो आपल्याकडे कुठे मिळतो? कोथिंबीर चालेल का?"

"पाला आत आहे की! मडक्याभोवती."

"ते गवत? त्याला केवढा उग्र वास होता! आम्हाला वाटलं, पॅकिंगचं असेल. पेंढा तेवढा जाळायला ठेवला, बाकी सगळं टाकून दिलं. तुमच्या यादीतही नव्हतं ना ते."

मी उठून उभी राहिले. "कुठे टाकलंत?"

"कचऱ्यात. दुपारीच गाडी घेऊन गेली."

"पेटवू नका," मी म्हटलं. "मी काहीतरी करते. तोवर पेटवू नका."

"लवकर बघा हं. माणसं जमायला लागलीत. जमलं नाही तर आम्ही पिझ्झे मागवू."

फोन ठेवला आणि मी आईवर तुटून पडले. "नाव लिहू नको, नाव लिहू नको! घे आता! टाकला तुझा पाला कचऱ्यात! आपल्याला ठाऊक म्हणून जगाला ठाऊक असतं का?" बोलताना कळत होतं, यात तिचा जेवढा दोष तेवढाच माझा. आपल्याच माणसांना माल पाठवत बसले होते, म्हणून ही चूक इतके दिवस झाकली गेली. आईने चपला घातल्या, रिकामं पोतं उचललं.

"कुठे निघालीस?"

"पाला तोडाया."

"तोडून नेणार कशावर?" नवरा डोलवीच्या कारखान्यात दुसऱ्या शिफ्टला, गाडी त्याच्याकडे. शनिवारची संध्याकाळ, वडखळपासून हायवे तुंबलेला. आम्ही पोचेपर्यंत तिकडे पिझ्झे खाऊन हात धुवून झाले असते. आई पोतं हातात घेऊन उंबऱ्यात तशीच उभी राहिली. तिचं तोंड इतकं एवढंसं झालेलं मी वडील गेले त्या दिवसानंतर पाहिलं नव्हतं. माझी मलाच लाज वाटली.

त्या सोसायटीच्या जवळ आमचं म्हणावं असं एकच माणूस होतं. अडला हरी गाढवाचे पाय धरी, तसा मी दादाला फोन लावला. भडाभडा सगळं सांगितलं.

"पनवेलात भांबुर्डा?" तो म्हणाला. "येडी हायस का? हितं कुठं बांध राह्यलाय?"

"बघ ना रे कुठेतरी."

"मी तुला दिवाळीलाच बोललो होतो."

"हो, बोललास! उद्या पुन्हा बोल, मी ऐकून घेईन. आज पाला बघ."

त्याने फोन ठेवला. हो नाही, नाही नाही. परत लावला तर उचलेना. आईने विचारलं, "काय म्हनला?" मी म्हटलं, "बघतो म्हणाला." खोटं बोलले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पोतं घडी घालून मांडीवर ठेवलं.

बाईंचे मेसेज येत राहिले. मुलं विचारतायत. अजून किती वेळ? मी "येतोय, येतोय" लिहीत राहिले, कोण येतोय ते मलाच ठाऊक नव्हतं. बाहेर काळोख पडला. आईने देवापाशी दिवा लावला आणि नेहमीसारखी तिथून लगेच उठली नाही. मग मेसेज यायचेही थांबले. ते सगळ्यात वाईट होतं. मी मनातल्या मनात उद्याची बोलणी करायला लागले: दादा काय म्हणेल, एजंट कुठे सह्या मागेल, आई कुठे बघत बसेल.

आणि व्हिडिओ कॉल आला.

आधी बाईंचा चेहरा दिसला. मग फोन हलला, अंधार, गोंगाट, आणि जाळ. ओळीने जाळ. त्यात उकिडवा बसलेला एक माणूस काठीने पेंढा आत सारत होता. ऑफिसचा शर्ट, बाह्या दुमडलेल्या, कोपरापर्यंत ओरखडे. आई एकदम फोनवर वाकली.

"आये," दादा न बघताच म्हणाला, "सगली मडकी उलटी केली. हे लोक सरळच ठेवीत व्हते. आता पानी मारू?"

"वास सुटला का?"

"सुटलाय."

"मग मार."

त्याने ओंजळीतलं पाणी मडक्यावर शिंपडलं. चुर्र झालं आणि पाणी तिथल्या तिथे आटलं. म्हणजे पोपटी झाली. आजूबाजूचे लोक टाळ्या वाजवायला लागले. आई मात्र त्याचे हात बघत होती.

"खरचाटलास कुठं रे?"

"तारेत. हितं आमच्या मागं प्लॉटिंग पडलंय, धा वर्सं झाली. घर नाय, मानूस नाय. त्या कंपाउंडात शिरलो, तर आत नुसता भांबुर्डा. पुरुषभर." त्याने काठी खाली ठेवली. "बांध दिसतात गो आये अजून त्यात. भाताचे."

आईने फोन माझ्या हातून घेऊन डोळ्यांजवळ नेला.

मडकी उघडून शेंगा परातीत ओतल्या, वाफ उसळली, लोक तुटून पडले. बाई पुन्हा फोनवर आल्या. तोंड भरलेलं होतं. पुढच्या शनिवारचं बोलल्या, शेजारच्या सोसायटीचं बोलल्या, आणि मग दादाकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही एवढा पाला आणलात, त्याचे किती द्यायचे?"

मी तोंड उघडणार, तोच मागून दादाचा आवाज आला. "पाल्याचे पैसे घेत नाय आमच्यात."

हे वाक्य त्याला कुणी शिकवलं ते मला माहीत होतं. मी आईकडे पाहिलं. ती पदराने डोळे पुसत होती आणि धुराचं निमित्तही नव्हतं.

दादाने बाईंच्या हातून फोन घेतला. चेहरा काजळीने माखलेला. आता एजंटचं काहीतरी बोलेल, असं मला वाटलं.

"आये," तो म्हणाला, "पुढच्या सालाला बी ठेवलंस ना? का सगल्याच शेंगा ह्या बयेनं इकल्या?"

"ठेवलंय," आई म्हणाली. "खालच्या तुकड्याला हातच लावूं दिला नाय तिला."