हाक माझीच होती, पण मी मारली नव्हती

मिरजेत पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते मी. स्लाइडवर दिसेल तेवढंच खरं, हा आमचा धंदा. असल्या भुताखेताच्या गोष्टी कुणी सांगायला लागलं की मी उठून चहा टाकायला जायचे. आता मीच लिहितेय...

गेल्या हिवाळ्यात आम्ही सागरेश्वरच्या अभयारण्यात गेलो. मी, माझी पाच वर्षांची मुक्ता, माझा भाऊ आणि त्याचा सात वर्षांचा ओम. दादा फौजेतून रिटायर झालेला, गाव तिथून जवळच. पोरांना हरणं दाखवायची त्याचीच आयडिया. भरदुपार, लख्ख ऊन. पाणी गाडीत राहिलं म्हणून दादा मागे गेला. गाडी हाकेच्या अंतरावर होती. मी चपलेत घुसलेला काटा काढायला बसले — तेवढ्यात पोरं वळणापलीकडे गेली.

जाऊन बघते तर दोघं पायवाट सोडून उताराच्या टोकाला उभी. ओमनं मुक्ताचा फ्रॉक मुठीत घट्ट धरलेला, ती सोड म्हणून रडतेय. मला बघून एकदम गप्प झाली. म्हणाली, "आई, तू तर खाली होतीस ना?"

ओमला विचारलं. तो म्हणाला, "आत्या, खालनं तू हाक मारलीस. पण तू हिला चिमे म्हणतीस. खालची तर मुक्ता म्हणून हाक मारत हुती. म्हणून मी धरली."

मी काही बोलायच्या आत खालच्या झाडीतून हाक आली. "मुक्ता, ये बाळा."

आवाज माझा. बोलताना शेवटी माझा घसा जरा बसतो, तोसुद्धा तसाच. पोरं खाली बघत नव्हती. माझे ओठ हलले का ते बघत होती.

जिवाच्या आकांतानं दादाला हाका मारल्या. तो आला नाही. मुक्ताला उचलून, ओमला ओढत परत आले तर हा बाटली हातात घेऊन गाडीला निवांत टेकलेला! माझा संशय तिथेच पक्का झाला. लहानपणी सगळ्यांच्या नकला करायचा, आणि आता मोबाईलवर काय वाट्टेल ते मिळतं. सांगितल्यावर तो जाऊन बघून आला. झाडीमागे सरळ तुटलेली घळ, माणूस नाही, म्हणाला. मी विश्वास ठेवला नाही. घरी तो आंघोळीला गेल्यावर त्याचा मोबाईल तपासला. काही सापडलं नाही, पण त्यानं मला बघितलं. नंतर कित्येक महिने आमचं बोलणंच बंद.

राखीला तोच मिरजेला आला. राखी बांधून झाल्यावर मी विचारलंच — मी एवढी ओरडत होते, तू आला का नाहीस?

तो म्हणाला, "निम्म्या वाटंपतूर आलो हुतो की. तूच म्हणालीस, दादा, पोरं सापडली, तू गाडीपाशीच थांब."

तो खोटं बोलत असेल तर फार बरं होईल, असं मला अजून वाटतं. आता मी फोन केला की दादा आधी घरातलं काहीतरी जुनं विचारतो. उत्तर बरोबर आलं की मगच बोलतो. आणि मीही मुकाट्यानं सांगते.