घायपातीवरची मेंढरं

कुणाला कधी सांगितलं नाही, पण सरकारी कुंपणावर मी चित्र काढलंय. इंदापूरजवळ कालव्याच्या देखरेखीवर होतो तेव्हाची गोष्ट. इंग्रजांनी कडेनं काटेरी घायपातीचं कुंपण लावून मेंढरांची पाण्याची जुनी वाट बंद केली होती. साहेब गेले, घायपात वाढतच राहिली.

एक म्हातारा मेंढपाळ उन्हाळ्यात रोज यायचा आणि बाभळीच्या काट्यानं तिच्या जाड पानांवर मेंढरं कोरायचा. ओरखडे वाळले की तपकिरी कळप उठून दिसायचा, सगळ्यांची तोंडं पाण्याकडं. हटकायचं सोडून मी बघत बसायचो. एकदा मीही एक कोरलं.

त्यानं मान तिरकी केली. "भाऊसाहेब, ह्यो तुमचा साहेब हाय का?"

"मेंढरू आहे, आबा."

"व्हय? मग त्याला बी तहान लागंल की. हितं दोन हात वाट काढा, माझी बी पितील."

"वरून हुकूम लागतो."

"कोरताना न्हाय लागला त्यो!" हसत त्यानं कळप लांबच्या ओढ्याकडं वळवला.

तेवढ्या वाटेला हुकूम लागत नव्हता. नोकरी जाईल म्हणून उगाच भ्यालो होतो.

पुढच्या उन्हाळ्यात तो आला नाही. त्याच्या मेंढरांची दोन हात वाट मी अजून देणं लागतो.