दीर की देर?

पेशकारांनी जबानीचा कागद डोळ्यांसमोर धरला आणि ठणकावून वाचलं, "देर होता जी."

अमरावतीच्या कोर्टात खसखस पिकली. पेशकार हैदराबादकडचे, तेही हसत म्हणाले, "देर होती म्हणावं, तर देर होता! ही यांची वऱ्हाडी!"

मी मागे उभा होतो. कागद माझ्याच हातचा. आणि बाई 'देर' म्हणालीच नव्हती.

बाई म्हणजे सारजा माळीण, विधवा. कापसाला सोन्याचा भाव आला, तसा तिच्या थोरल्या दिरानं तिचा भाजीचा मळा बळकावला, वांगी उपटून सरकी पेरली. तक्रारीची मुदत टळून गेली. अकोल्यात जबानी घेताना मी विचारलं, "मुदतीत कावून नाही आली?" ती म्हणाली, "दीर होता जी." मी समजलो. आडवा आला असणार.

आम्हा मुनशांचं काम पिढ्यान्‌पिढ्या एकच. माणूस वऱ्हाडीत बोलायचा, आम्ही फारसीत लिहायचो, आणि तोच कागद पाहून त्याला परत वऱ्हाडीत वाचून दाखवायचो. मग इंग्रज साहेबांची ऑर्डर आली, साक्षीदाराचे शब्द जसेच्या तसे लिहा. मला मोडी येत नव्हती. म्हटलं, त्यात काय! बोली वऱ्हाडी, अक्षरं फारसी. मोठ्या तोऱ्यात लिहिलं. पण त्या अक्षरांत 'ई' आणि 'ए' एकाच खुणेनं लिहितात. दीर काय, देर काय, कागदावर सारखेच. अकोल्यात कोणीही दीरच वाचला असता.

मी पुढे झालो. "हुजूर, तो शब्द दीर आहे. नवऱ्याचा भाऊ."

"तुम्हीच लिहिता, तुम्हीच बदलता?" साहेब तडकले. "बाई सांगेल. कोण होता? नाव सांग."

सारजानं पदर पुढे ओढला. थोरल्या दिराचं नाव आमच्याकडे कोणती सून घेते? म्हणून तर ती नुसतं 'दीर' म्हणाली होती. आणि तो समोरच उभा, मिशीत हसत.

"नाव नाही घेता येत जी मले."

"मग उशीर तुझाच. केस खारीज करतो."

माझी मान वर होईना. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"सोनाजी," ती एकदम बोलली. "सोनाजी होता. काठी घेऊन दारात बसला होता. मले बाहेर नाही पडू देल्लं."

उशीर माफ झाला, मळा तिला मिळाला. बाहेर मी हात जोडले. "बाई, माझ्यापायी झालं हे."

"मळा भेटला जी," ती म्हणाली. "पण भर कचेरीत नाव घ्या लागलं. आता सासूपुढे कोन्त्या तोंडानं जाऊ?"

मी मुनशी, शब्दांवर पोट भरणारा.

अक्षरांचं भांडं उसनं आणायला हरकत नाही. आपला जिन्नस त्यात मावतो का, ते आधी पाहावं. मी पाहिलं नाही. भोगलं तिनं.