कोण जिंकलं ते सांगू नका

निवृत्त झाल्यावर मी सुकापूरला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दुपारी मुलांना वाचायला मदत करू लागले. एकदा आपट्याहून इकडे राहायला आलेली एक बाई नववीतल्या मुलीला घेऊन आली. "रोज अभ्यासाला बसते, पन मार्क नाय पडत," ती म्हणाली.

मुलीने पुस्तकातला धडा घडाघडा वाचून दाखवला. मग मार्क का पडत नाहीत, मला काही कळेना. सहज म्हटलं, "शेवटचा परिच्छेद वाच बरं." बोट ओळीवर, ओठ हलतायत, आवाज नाही. आई बाहेर गेल्यावर हळूच म्हणाली, "काकू, मैत्रीण वाचते ते ऐकून मी पाठ करते. मधूनच नाय जमत."

नववीपर्यंत पोरगी नुसत्या कानांवर निभावून आली होती. वाचायला लागते त्याहून कितीतरी जास्त मेहनत तिने हे लपवायला घेतली असणार.

मी मोठ्या अक्षरांचं, चित्रांचं पुस्तक दिलं. तिने ते मिटून टाकलं. "ह्ये बारक्या पोरांचं हाय." तिचं खरंच होतं.

ती कबड्डी खेळायची. दुसऱ्या दिवशी मी पेपरमधली एका सामन्याची बातमी पुढे ठेवली. 'चढाई', 'पकड' तिने झटकन वाचलं. मी खूश झाले, पण मग लक्षात आलं, पहिलं अक्षर बघून ती अंदाज बांधत होती. 'उत्कृष्ट'पाशी अडली. आम्ही तो शब्द तोडून तोडून म्हटला. "असलं कोन बोलतं?" ती वैतागली. मला हसू आलं.

तिची धडपड बघवेना, म्हणून मी म्हणाले, "अगं, शेवटी जिंकले ते..."

"सांगू नका!" ती ओरडलीच. "मला बघायचंय."

त्यानंतर मी तोंड मिटून बसायला शिकले. मला ते जडच गेलं. तिला शेवटच्या ओळीपर्यंत पोचायला आठवडा लागला. "हरले आपले," ती चिडून म्हणाली. आपण स्वतः वाचलं हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

पुढे माझ्या सांगण्यावरून आईने तिच्या वाचनाच्या अडचणीची डॉक्टरांकडून तपासणी करून घेतली, तसा दाखला मिळाला. आता दहावीच्या परीक्षेत तिला जास्तीचा वेळ मिळेल. जोडाक्षरं अजून अडवतात, ती लवकर थकते.

"होईल ना वो पास?" परवा आईने विचारलं.

"वेळ लागेल," एवढंच मी म्हटलं.

खिडकीशी पेपर घेऊन बसलेली मुलगी मान वर न करता म्हणाली, "जरा हलू बोला ना."