सही न करणारे आमचे सर

स्वतः लिहिलेला लेख वाचायला ज्याच्याकडेच पैसे मागितले गेले, असा माणूस तुम्ही पाहिला आहे का? मी पाहिला आहे. वसमतच्या कॉलेजात ते आम्हाला वनस्पतिशास्त्र शिकवायचे, पुढे मीही तिथेच त्यांच्या हाताखाली शिकवू लागलो, आणि हिंगोली जिल्ह्यात त्यांच्याइतका कागद वाचणारा माणूस झाला नाही, होणारही नाही. पानावरची बुरशी पाहायचं भिंग कायम खिशात. त्याच भिंगातून ते बसच्या तिकिटाची मागची बाजूही वाचतात. त्यांच्या भाचीच्या लग्नात ‘मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे’ असा पुकारा तीनदा झाला. मामा मंगल कार्यालयाच्या मॅनेजरसमोर भाड्याचा करार उघडून बसलेले. “लाइट गेली तर जबाबदारी तुमची, ह्ये बराबर. पण पाणी संपलं तर कुणाची?”

हे वेड जन्मजात नव्हतं. डोंगरकडा गावच्या एका काकूंच्या वावरात सरांनी तीन हंगाम हळदीचे सडलेले गड्डे मोजले. त्यावरचा लेख परदेशातल्या बड्या संशोधन-जर्नलने छापला. सर पेढे घेऊन काकूंकडे गेले. काकू म्हणाल्या, “दाखवा की सर, आमच्या वावराचं काय लिवलं ते.” सरांनी फोनवर लेख उघडला, तर पडद्यावर कुलपाचं चित्र आणि खाली डॉलरमधली किंमत. “काहून उघडून न्हाई राहिलं?” काकूंनी विचारलं. सरांनी खरं ते सांगितलं. काकू खळखळून हसल्या. “म्हंजी हळद आमची, तकलीफ तुमची, अन् कुलूप तिसऱ्याचं?” लेखाचे हक्क जर्नलला देणाऱ्या फॉर्मवर सरांनी न वाचता सही केली होती. त्या दिवसापासून भिंग कागदांवर फिरू लागलं.

याचा अर्थ जर्नल ‘सगळ्यांसाठी खुलं’, म्हणजे वाचायला फुकट आहे, एवढं ऐकून ते भुलतात असं समजू नका. ‘हे महान शास्त्रज्ञ’ असं संबोधून तीन दिवसांत लेख छापून देणाऱ्या एका खुल्या जर्नलला त्यांनी पिठल्याची कृती पाठवली, शीर्षक ‘बेसनातील गुठळ्यांचे वर्तन’. लेख तपासणारे परीक्षक भारावल्याचं पत्र दोन दिवसांत आलं, फक्त फी भरायची बाकी होती. ते पत्र सरांनी फ्रेम करून स्टाफरूममध्ये टांगलं. “खुलं हाय म्हणून खरं हाय, असं न्हाई,” हे ते प्रत्येक नव्या प्राध्यापकाला त्या फ्रेमखाली उभं करून सांगायचे.

खरी परीक्षा गेल्या वर्षी आली. हळदीचं बेणं सडण्यापासून वाचवायचा सरांचा लेख त्याच बड्या जर्नलने स्वीकारला. तिथे छापून आला असता तर निवृत्तीआधी ‘सहयोगी’ जाऊन पूर्ण प्राध्यापकपद नक्की होतं. फॉर्ममध्ये दोन रस्ते होते: कॉलेजला झेपणार नाही एवढी फी भरून लेख खुला करा, नाहीतर तो कुलपात ठेवा आणि स्वतःजवळची प्रत वर्षभराने लोकांना द्या. सरांनी फी माफ करा, मुदत कमी करा, असं लिहिलं. नम्र नकार आला. मी भडकलो. “सर, पत्रक काढू! ‘ज्ञानाचे दरोडेखोर’!”

“बस खाली,” सर म्हणाले. “त्यांच्या परीक्षकानं फुकट वाचून माझ्या दोन चुका काढल्या. त्याला दरोडेखोर म्हणतो व्हय? आपलं भांडण कलमाशी हाय.”

प्राचार्यांनी समजावलं, “सही करा सर. हातातली बढती काहून घालवून राहिले?”

“साहेब, पहिली सही न वाचता केली. ही वाचलीय, म्हणून हात चालून न्हाई राहिला. वर्षभरात एक अख्खं पीक सडतं.”

त्यांनी लेख मागे घेतला आणि एका विद्यापीठाच्या छोट्या जर्नलकडे पाठवला. ते लेखकाकडूनही पैसे घेत नाही, वाचकाकडूनही नाही. परीक्षण व्हायच्या आधीच मसुदा खुला ठेवायची मुभाही तिथे होती. ‘परीक्षण बाकी’ असं वर ठळक लिहून सरांनी त्याच दिवशी तो खुला केला, मराठी सारांशासह. आठवड्याने काकूंचा फोन. “सर, तुम्ही लिवलाय तसा आमच्या वावरातला पाणी काढायचा चर आडवा न्हवता, उताराच्या अंगानं होता. चुकलं तुमचं.” सर तडक डोंगरकड्याला गेले, चर पाहिला, चूक मान्य केली आणि सुधारित मसुद्यात काकूंचे नावानिशी आभार मानले. जगातल्या कुठल्याही परीक्षकाला दिसली नसती अशी चूक होती ती.

या जूनमध्ये सर निवृत्त झाले. नावाच्या पाटीवर शेवटपर्यंत ‘सहयोगी प्राध्यापक’च राहिलं. पाटी काढताना मी विचारलं, वाईट वाटतं का? “वाटतं की. माणूस हाय,” म्हणाले, आणि पाटी काखेत मारून निघाले.

तुम्ही संशोधक असाल तर एवढं करा. आपल्या जुन्या लेखाचा करार आज शोधून काढा. स्वतःजवळची प्रत कधीपासून खुली करता येते ते बहुधा त्यात लिहिलेलं असतं. ती मुदत उलटून गेली असेल, तर ती प्रत आजच सगळ्यांसाठी खुली करा. आणि ज्यांच्या बांधावर, ज्यांच्या ओसरीवर बसून तो लेख लिहिलात, त्यांना स्वतः जाऊन तो वाचून दाखवा.