चार बर्नरचा व्हिला

टीव्हीच्या भल्यामोठ्या पडद्यावर निळाशार समुद्र होता, डोंगरउतारावर पांढरीशुभ्र घरं होती, एका भिंतीवरून बोगनवेल ओसंडत होती, आणि आमच्या हॉलमध्ये बसलेली सात मोठी माणसं त्यातलं काहीही बघत नव्हती. माझा नवरा फोटो पुढे सरकवत होता. बेडरूम, बाथरूम, गच्ची, पुन्हा समुद्र. मग स्वयंपाकघराचा फोटो आला आणि सगळे एकदम सावरून बसले. कोणीतरी त्याला झूम करायला सांगितलं. त्याने केलं, मोजलं आणि म्हणाला, "चार बर्नर आहेत." त्याच्या आवाजात जे समाधान होतं, ते मी आमच्या लग्नाच्या व्हिडिओतही ऐकलेलं नाही.

मी तेव्हा पुऱ्या तळत होते. मेलबर्नच्या टार्निट उपनगरातलं आमचं घर नवं आहे, आणि इथल्या नव्या घरांत स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामध्ये भिंत नसते. त्यामुळे तळणारीला सगळं दिसतं. तळणाऱ्या बाईकडे मात्र कोणी बघत नाही, कारण पुऱ्या येत राहतात.

ही ट्रिप माझी होती. म्हणजे निदान सुरुवातीला तरी होती. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी बाई मूळची ग्रीक. तिचे आईवडील तिथल्या एका छोट्या बेटावरून मेलबर्नला आलेले. एकदा लंचमध्ये तिने मला गावचे फोटो दाखवले. ती समुद्र दाखवत होती, पण माझं लक्ष दुसरीकडे होतं. पाण्याच्या अगदी कडेला टेबलं मांडलेली होती, आणि तिचा कोणी काका दोन्ही हातांवर ताटं घेऊन चालत येत होता. टेबलाशी बसलेल्या बायका त्याच्याकडे बघतही नव्हत्या. त्यांना माहीत होतं, तो येणार, ताटं ठेवणार आणि नंतर उचलून नेणार. त्या दिवशी ट्रेनने घरी येताना माझ्या डोक्यात तेवढंच होतं. मला तिथे जाऊन बसायचं होतं. एक आठवडा. काहीही न करता, म्हणजे नेमकं सांगायचं तर स्वयंपाक न करता.

नवऱ्याला तसंच सांगितलं. आपण दोघंच जाऊ, लेक आता युनिव्हर्सिटीत आहे, ती राहील एकटी. तो लगेच हो म्हणाला. मी इतकी खूश झाले की त्या संध्याकाळी त्याच्या आवडीची भरली वांगी केली. मूर्ख मी.

पुढच्याच वीकेंडला कोणाच्या तरी वाढदिवसाला त्याने हे सगळ्या ग्रुपला सांगून टाकलं. आमचा चार घरांचा ग्रुप आहे. सगळे पुण्या-मुंबईकडचे, साधारण एकाच काळात इथे आलेले. नातेवाईक जवळ नव्हते तेव्हा आम्हीच एकमेकांचे नातेवाईक झालो, आणि नातेवाइकांचे सगळे हक्कही आपोआप आले. त्यातला पहिला हक्क असा, की कोणी एकट्याने फिरायला जायचं नाही. गेलंच तर वर्षभर 'आम्हाला विचारलंही नाही' हे ऐकायचं. नवऱ्याला ते ऐकण्याची भारी भीती. रात्र पडायच्या आत ट्रिपचा वेगळा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला, त्याला निळ्या घुमटाचा फोटो लागला, आणि माझा आठवडा आठ जणांचा झाला.

आमच्या ट्रिपा कशा असतात ते सांगायला हवं. हॉटेलात आम्ही राहत नाही. एक मोठं घर भाड्याने घेतो, आणि गाडीच्या डिकीत आपलं घर भरून तिथे नेतो. कुकर, कढई, पोळपाट-लाटणं, मिसळणाचा डबा, कणीक, तांदूळ, डाळी, लोणचं. पोळपाट तर इतक्या वेळा ग्रेट ओशन रोडवरून गेलाय की त्याला वळणं पाठ असतील. लोक मला विचारतात, ब्राइट गावची पानगळ कशी होती? मला तिथली बोथट सुरी आठवते. भाड्याच्या घरातली प्रत्येक सुरी बोथट असते. ग्रॅम्पियन्सच्या डोंगरांचं म्हणाल तर तिथे मी फोडणी टाकली आणि स्मोक अलार्म कोकलायला लागला. एकजण स्टुलावर चढून टॉवेल हलवत होता, बाकीचे हसून हसून बेजार झाले होते, आणि मी मोहरी जळू नये म्हणून धडपडत होते. तो किस्सा अजून रंगवून सांगतात. सगळे कांगारू बघायला गेले तेव्हा मी कुठे होते, हे त्या किश्श्यात येत नाही.

मी चांगली सुगरण आहे, हाच घोळ आहे. पहिल्या ट्रिपला कौतुक झालं, दुसऱ्या ट्रिपला फर्माईश आली आणि तिसऱ्यापासून ते गृहीतच धरलं गेलं. मीसुद्धा सगळ्यांसारखी पाच दिवस नोकरी करते. माझी रजाही सगळ्यांच्या रजेएवढीच असते.

तर त्या रविवारी व्हिला ठरवायला सगळे आमच्याकडे जेवायला आले होते. आता हे बघा, ग्रीसला जायचं ठरवायलासुद्धा पुऱ्या लागतात. चार बर्नर दिसल्यावर चर्चेला रंग चढला. तिथे ओव्हन आहे का, मिक्सर न्यावा का, तिथला प्लग वेगळा असतो का. कोणी म्हणालं, जुलैत इथे थंडीने हाडं गोठतात तेव्हा तिथे छान ऊन असेल. पण ते वाक्य कोणी उचललं नाही, कारण तोवर कणीक नेऊ देतात का यावर वाद सुरू झाला होता. मग त्यांच्यातला सगळ्यात गोडबोल्या माणूस सोफ्यावर मागे रेलून म्हणाला, "समोर समुद्र आणि वहिनींच्या हातचं गरम थालीपीठ. अजून काय पाहिजे आयुष्यात?"

मी गॅस बंद केला. झारा हातात तसाच होता.

"मी त्या किचनमध्ये चहासुद्धा करणार नाही," मी म्हणाले.

सगळे हसले. त्यांना वाटलं गंमत करतेय. म्हणून मी पुन्हा तेच म्हणाले, जरा मोठ्याने. मग हसणं थांबलं. एकाने मला समजावणीच्या सुरात सांगितलं, की बाहेरचं दोन दिवस बरं वाटतं, तिसऱ्या दिवशी वरणभात आठवतो. मी म्हटलं, ज्याला आठवेल त्याने लावावा. नवऱ्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी पाहुण्यांना घराबाहेर काढलंय. खरं तर मला तेच करायचं होतं. पण कोणी गेलं नाही. उलट सगळे जेवले, श्रीखंड दोनदा घेतलं, आणि जाताना नेहमीप्रमाणे डबे भरून घेतले. ते डबे मीच भरून दिले. हात आपोआप भरतात, त्याला मी तरी काय करू.

त्यानंतर घरात तोंड वाकडं करून वावरणं सुरू झालं. नवरा डिशवॉशर आदळून बंद करायचा. दोन दिवसांनी तो तहाला आला. फ्रोझन पोळ्या नेऊ, तयार भाज्यांची पाकिटं नेऊ, तू फक्त आमटी-भात कर. मी नाही म्हटलं. मग म्हणाला, मी मदत करेन ना. त्याची मदत मला माहीत आहे. कांदे कुठे आहेत, सुरी कुठे आहे, किती बारीक चिरू, आणि दोन कांदे चिरून झाले की बियर उघडतो. मी ते तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, तू उगाच इशू करतेयस, आठ जणांची ट्रिप एकटीच्या हट्टापायी बिघडवतेयस. मी म्हटलं, दोघांची ट्रिप आठ जणांची कोणी केली? यावर तो लॉन कापायला गेला.

लेकीने हेडफोन काढून विचारलं, "मम, जस्ट डोन्ट कुक. व्हाय इज इट सच अ बिग डील?" तिच्या हातात युनीला न्यायचा डबा होता. सकाळी मी भरलेला. मी तिच्यावरही ओरडले, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

मला खात्री होती ती एकीची. ग्रुपमधली माझी सगळ्यात जवळची मैत्रीण क्रेगीबर्नला राहते. लेकीच्या वेळी मी हॉस्पिटलात होते तेव्हा नवऱ्याच्या आधी ती पोचली होती. त्या रविवारी ती एक शब्दही बोलली नव्हती, पण मला वाटलं चारचौघांत नसेल बोलायचं. आठवड्याच्या मधल्या दिवशी ती गाडी काढून शहराच्या त्या टोकापासून आमच्या भागात आली. आम्ही शॉपिंग सेंटरमध्ये कॉफी घेऊन बसलो. मला वाटलं ती सांगायला आलीय, की बरं केलंस, मीही तुझ्याबरोबर आहे.

"तू नाही केलंस तर ते सगळं माझ्यावर येणार," ती म्हणाली. "कळतंय ना तुला?"

मी म्हटलं, "मग तूही करू नकोस."

"मला नाही जमत गं असं भांडायला." तिने कपाचं झाकण काढलं, परत लावलं. "आणि खरं सांगू? तू करतेस म्हणून तर मला ट्रिपला सुट्टी मिळते."

तिने हे अगदी सरळ सांगितलं. ती रागावलेली नव्हती. ती फक्त मला परत कामावर बोलवायला आली होती. इतकी वर्षं मला वाटत होतं की पुरुषांना कळत नाही. तिला सगळं कळत होतं. मी ओट्याशी उभी असताना ती गच्चीत पाय पसरून बसायची, आणि तिला बरोबर माहीत असायचं की ती कोणाच्या जिवावर बसलीय. त्या गोडबोल्याच्या थालीपिठाचा मला जेवढा संताप आला नव्हता, तेवढा तिचा आला. मी कॉफी अर्धी टाकून उठले. तिने मागून हाक मारली. मी वळले नाही.

त्याच आठवड्यात मी खोली बुक केली. तेच बेट, त्याच तारखा, व्हिलापासून चालत जाण्याच्या अंतरावर. बंदरावरची वरच्या मजल्यावरची खोली. दोघांसाठी. एक पलंग, एक छोटी बाल्कनी, दोन खुर्च्या. स्वयंपाकघर नाही. साधी किटलीसुद्धा नाही, हे मी मुद्दाम बघून घेतलं. बुक करताना मला वाटत होतं की मी किती शहाणपणाने यातून वाट काढलीय. कोणाची ट्रिप मोडत नाही, आठ जण त्याच समुद्रावर भेटतील, दिवसभर एकत्र हिंडतील. आणि माझ्या मनात एक गोष्ट होती जी मी कोणाला सांगितली नव्हती. मला वाटत होतं की तो खोली बघेल, मग त्याला आठवेल की सुरुवातीला आपण दोघंच जाणार होतो.

शनिवारी दुपारी तो डायनिंग टेबलाशी बसला होता तेव्हा मी फोन त्याच्यापुढे ठेवला. म्हटलं, मी व्हिलात राहणार नाही, इथे राहणार. जागा दोघांची आहे. तुझं तू ठरव.

त्याने सगळे फोटो बघितले. एकदा पुढे, एकदा मागे. तो काय शोधतोय ते मला कळत होतं. बाल्कनीतून काय दिसतं एवढं तरी तो विचारेल, असं मला वाटलं होतं.

"इथे किचनच नाहीये," तो म्हणाला.

मी म्हटलं, "हो."

मग त्याचा चेहरा उजळला. त्याला तोडगा सापडला होता. म्हणाला, "असं करू. मी दिवसा तुझ्याकडे येत जाईन आणि जेवायला तिकडे जाईन."

तिकडे स्वयंपाक कोण करणार, असं मी विचारलं. त्याने क्रेगीबर्नच्या मैत्रिणीचं नाव घेतलं. तिने म्हणे करायचं कबूल केलं होतं. हे सगळं माझ्या मागे बोलून झालं होतं, आणि मला सांगायचं राहून गेलंय हेसुद्धा त्याच्या ध्यानात नव्हतं.

"फक्त तुझ्या आमटीची रेसिपी पाठव तिला," तो म्हणाला. "तिची जरा पातळ होते."

मी फोन त्याच्यापुढून ओढून घेतला, बुकिंग उघडलं आणि दोन माणसं लिहिली होती तिथे एक केलं. त्याला तसं सांगितलंही. मला वाटलं तो भडकेल, निदान असं का म्हणून विचारेल. त्याने मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुःखही नव्हतं. माझ्यात आणि जेवणात निवड करायची वेळ टळली म्हणून तो सुटला होता. मग त्याने स्वतःचा फोन उचलला आणि ग्रुपवर लिहिलं, की व्हिलात आम्ही सात जण.