शेळीचोरीत स्वखुशीने सहभागी

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी इंग्लंडला गुन्हेगारीशास्त्र शिकायला गेले, तेव्हा सोलापुरात आमच्या गल्लीत दोन तट पडले. अर्ध्यांना वाटलं, बाई फौजदार होणार. उरलेल्यांना वाटलं, बाईनं काहीतरी केलंय, म्हणून पळाली.

प्रबंधाला मी मोठ्या ऐटीत विषय घेतला, शेळीचोरी. विद्यापीठाची अट होती, दहा जणांच्या मुलाखती आणि संमतिपत्रावर दहा सह्या. त्याशिवाय पदवी नाही. संमतिपत्राचं मराठी मीच केलं. तिकडच्या समितीत मराठी कुणाला येतंय? शिक्का मारून मोकळे झाले.

कागद घेऊन मी मंगळवेढ्याजवळ मावशीच्या गावी उतरले. मावशीचीही गाभण शेळी दिवाळीत चोरीला गेली होती. लोक चहा पाजत, चोरी रंगवून सांगत, गेलेल्या शेळीचा आवाजसुद्धा काढून दाखवत. पण कागद पुढे केला, की प्रत्येकाला एकदम रानात पाणी धरायचं आठवे. चार दिवसांत सही मिळाली एकच, देवळामागच्या एका गृहस्थाची. त्यानं कागद दोनदा वाचला, डोळे पुसले, सही केली आणि “बोलायला उद्या येतो” म्हणून गेला. मी भारावले. शास्त्राबद्दल केवढी ही आस्था!

पाचव्या दिवशी मावशीनं चष्मा लावून कागद मोठ्यानं वाचला.

“शेळीचोरी. यात मी स्वखुशीने सहभागी आहे. माझ्यावर कुणी जबरदस्ती केलेली नाही. मला केव्हाही माघार घेता येईल.” चष्मा खाली आला. “आगं भवाने, शेळी आमचीच गेली आन् चोर बी आमीच व्हय?”

मी समितीला ईमेल धाडला. तोंडी संमती चालेल, असं उत्तर आलं. मग काय, नऊ जण मोबाईलपुढे घडाघडा बोलले; सही केलेला गृहस्थ तेवढा यायचा राहिला होता. सगळ्यांची सुरुवात एकच, “मी चोरी केली न्हाय.” मावशी मात्र रुसलेली, मुलाखत देईना.

“मग दहावा कोन?” तिनं जेवताना विचारलं.

“नाव सांगता येत नाही. गुप्ततेचा नियम आहे.”

“वाचून सही केली त्यानं?”

मी भाकरीचा मोठा घास तोंडात कोंबला.

सकाळी मावशीच्या दारात तिची शेळी बांधलेली, सोबत दोन करडं. दाव्याला चिठ्ठी, “माघार घेतली.”

मावशी शेळीच्या गळ्यात पडली आणि मी पायरीवर बसून रडू लागले. दहाचे पुन्हा नऊ!

“रडतीस कशाला?” मावशी म्हणाली. “शेळी गेली व्हती का न्हाय माजी? काढ तुजा मोबाईल.”

मावशी शेळीला कवटाळूनच तासभर बोलली. महिन्याभरानं इंग्लंडहून माझ्या प्राध्यापकांनी विचारलं, दहाव्या मुलाखतीत मधेमधे मोठ्यानं कोण ओरडतंय?

मी प्रामाणिकपणे कळवलं, पीडित.